भारतीय श्रम परिषद: आपला विषय तिथपर्यंत कसा न्यायचा आणि शिफारशीचं पुढे काय करायचं

कामगार, मालक आणि सरकार यांना देशपातळीवर एका टेबलाशी बसवणारी आपल्याकडची सर्वांत जुनी सल्लागार संस्था म्हणजे भारतीय श्रम परिषद. वर्तमानपत्रात तिचं नाव येतं ते उद्घाटनाच्या भाषणापुरतं. त्यामुळे जिल्हा-तालुका पातळीवर काम करणाऱ्या मंडळींचे तिच्याबद्दल दोन पक्के ग्रह असतात. काहींच्या मते तिथे चहापाण्यापलीकडे काही होत नाही. काहींना वाटतं, परिषदेत मागणी मान्य झाली म्हणजे आता शासन निर्णय निघालाच समजा. दोन्ही ग्रहांनी नुकसान होतं. पहिल्यामुळे लोक प्रयत्नच करत नाहीत आणि दुसऱ्यामुळे मिळालेला कागद फाइलीत ठेवून निवांत बसतात.

परिषदेत भाषणांना फार कमी किंमत आहे. वजन आहे ते अधिवेशनाआधी ठरणाऱ्या कार्यसूचीला आणि अधिवेशनानंतर उरणाऱ्या लेखी वाक्याला. खालच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टींभोवती बेतल्या आहेत. युनियनचे पदाधिकारी, लघुउद्योजकांच्या संघटना, एचआरमधले लोक, या विषयावर लिहिणारे पत्रकार, कोणालाही त्या वापरता येतील.

आधी संस्था समजून घ्या

७ ऑगस्ट १९४२ रोजी दिल्लीत त्रिपक्षीय श्रम परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची जबाबदारी त्यांनी नुकतीच, जुलैमध्ये, घेतली होती. परिषदेचे हेतू तीन सांगितले गेले: देशभर कामगार कायद्यांत एकसारखेपणा आणणं, औद्योगिक तंटे सोडवण्याची पद्धत ठरवणं, आणि मालक-कामगारांमधल्या अखिल भारतीय महत्त्वाच्या प्रश्नांवर चर्चा करणं. ही तीन कलमं लक्षात ठेवा, पहिल्या पायरीला लागतील.

रचना दुहेरी आहे. वर मोठी परिषद, आणि तिच्याखाली आकाराने लहान स्थायी श्रम समिती. दोन्हीकडे केंद्रीय कामगार संघटना, मालकांच्या केंद्रीय संघटना आणि सरकार असे तीन पक्ष. सरकारच्या बाजूला केंद्रीय मंत्रालयांबरोबर राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशही येतात. अध्यक्ष केंद्रीय श्रममंत्री.

आता महत्त्वाची अडचण. या परिषदेला कायद्याचा आधार नाही. ती अमुक महिन्यांत भरलीच पाहिजे असं कुठल्या कलमात लिहिलेलं नाही आणि तिची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. बोलावणारं मंत्रालय, पुढे ढकलणारंही मंत्रालय.

तरीही तिच्या टेबलावरून गेलेले विषय साधे नाहीत. किमान वेतनाचा कायदा असावा का, ही चर्चा १९४३ ते १९४५ या काळात स्थायी समितीत आणि परिषदेत झाली. मग ११ एप्रिल १९४६ रोजी विधेयक मांडलं गेलं आणि १९४८ मध्ये कायदा झाला.

एका शिफारशीची साठ वर्षं

बंधनकारक नसलेल्या शिफारशीचा उपयोग काय, हे समजायला १९५७ चं उदाहरण पुरेसं आहे. ते जरा सविस्तर पाहू, कारण पुढच्या पायऱ्यांचं मर्म त्यात आहे.

जुलै १९५७ मध्ये नवी दिल्लीत पंधरावं अधिवेशन झालं. श्रममंत्री गुलझारीलाल नंदा. किमान वेतन गरजेवर आधारलेलं असावं, एवढं म्हणून परिषद थांबली नाही. गरज मोजायची कशी, तेही लिहून ठेवलं. कामगाराचं कुटुंब तीन उपभोग एककांचं धरायचं. एका एककाला रोज २,७०० उष्मांक, आहारतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांच्या आहारतक्त्याप्रमाणे. माणशी वर्षाला १८ वार कापड, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला ७२ वार. घरभाडं सरकारच्या अनुदानित औद्योगिक गृहयोजनेच्या दराने. सरपण, दिवाबत्ती आणि इतर किरकोळ खर्च मिळून एकूण किमान वेतनाच्या २० टक्के.

काही महिन्यांतच दुसऱ्या वेतन आयोगापुढे प्रश्न आला की हे सूत्र सरकारी कर्मचाऱ्यांना लावायचं का. अर्थ मंत्रालयाने सांगितलं की या शिफारशींची अंमलबजावणी करण्याचं बंधन सरकारने कधीच स्वीकारलेलं नाही. आयोगानेही सूत्र मान्य केलं नाही. जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप झाला, त्यामागे या नकाराची नाराजीही होती. इथे गोष्ट संपली असती तर 'तिथे काही होत नाही' म्हणणारे बरोबर ठरले असते.

पण वाक्य कागदावर होतं, आणि आकड्यांसकट होतं. १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीच पाच कलमं उचलली आणि सहावं जोडलं: मुलांचं शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभांसकट किमान करमणूक, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी २५ टक्के. २०१२ च्या चव्वेचाळिसाव्या अधिवेशनाने पंधराव्या अधिवेशनाचे निकष आणि हा निकाल यांचा एकत्र हवाला दिला. सातव्या वेतन आयोगाने किमान मूळ वेतन १८,००० रुपये काढलं तेही याच सूत्राचा पाया धरून. वेतन संहितेच्या, म्हणजे वेतनाविषयीचे कायदे एकत्र करणाऱ्या नव्या कायद्याच्या, २०२० च्या केंद्रीय मसुदा नियमांत कुटुंबाला वर्षाला ६६ मीटर कापड, असा आकडा दिसतो. ७२ वारांचे मीटर करून पाहा.

तीन एककांचा हिशेबही तपासण्यासारखा आहे. कमावता पुरुष एक, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. दिवसभर राबणाऱ्या बाईला पूर्ण एकक का नाही, आणि घरातले आईवडील कुठे गेले, हे प्रश्न विचारायलाच हवेत. केंद्राने नेमलेल्या डॉ. अनुप सत्पथी समितीने २०१९ मध्ये ३.६ एकक आणि रोजचे ३७५ रुपये सुचवले, पण उष्मांक २,४०० वर आणले. जुना कागद एवढा टिकला म्हणजे तो निर्दोष होता असं नाही. तो टिकला कारण त्यात मोजता येईल असं काहीतरी होतं.

पायरी १: विषय या दाराचा आहे का?

एखाद्या कारखान्यातली कपात, बदली, थकलेला पगार हे परिषदेचे विषय नाहीत. त्यासाठी समेट अधिकारी आहे, कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, औद्योगिक न्यायालय आहे. मघाची तीन कलमं लावून पाहा. प्रश्न एकाहून जास्त राज्यांचा आहे का? कायद्यात किंवा केंद्राच्या योजनेत बदल मागतो का? तंटा सोडवण्याच्या पद्धतीबद्दल आहे का? तिन्हींची उत्तरं नाही आली तर तिथे वेळ घालवू नका.

ऊसतोड कामगारांचं उदाहरण घेऊ. तोडणीचा दर किती वाढवायचा, हे महाराष्ट्रात साखर संघ आणि संघटना यांच्या वाटाघाटींत आणि लवादात ठरत आलंय. तो विषय दिल्लीला नेण्यात अर्थ नाही. पण बीडहून निघालेली टोळी कर्नाटकातल्या कारखान्यावर जाते तेव्हा तिची नोंद कोणत्या राज्याने ठेवायची? मुकादमाच्या उचलीची जबाबदारी कोणावर? नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' धरला जातो, त्यात बाईच्या नावावर वेतन कुठे दिसतं? हे प्रश्न दोन राज्यांचे आहेत, कायद्याचे आहेत, आणि म्हणून परिषदेचे आहेत.

पायरी २: खुर्ची कोणाकडे आहे ते शोधा

परिषदेला व्यक्ती किंवा स्थानिक युनियन थेट जात नाही. प्रतिनिधी पाठवतात त्या मान्यताप्राप्त केंद्रीय संघटना. कामगारांच्या बाजूला भारतीय मजदूर संघ, इंटक, आयटक, हिंद मजदूर सभा, सीटू, सेवा वगैरे. मालकांच्या बाजूला एम्प्लॉयर्स फेडरेशन ऑफ इंडिया, ऑल इंडिया ऑर्गनायझेशन ऑफ एम्प्लॉयर्स, सार्वजनिक उद्योगांची स्कोप, सीआयआय, असोचॅम, लघु उद्योग भारती आणि आणखी काही.

केंद्रीय कामगार संघटना म्हणून मान्यता मिळायला पाच लाख सभासद, तेही किमान चार राज्यांत आणि चार उद्योगांत पसरलेले, असा निकष आहे. सभासदसंख्येची पडताळणी सरकार करतं. शेवटची पूर्ण झालेली पडताळणी ३१ डिसेंबर २००२ या तारखेवर आधारलेली आहे आणि तिचे निकाल २००८ मध्ये आले. त्यात भारतीय मजदूर संघ पहिला होता. म्हणजे त्यानंतर उभ्या राहिलेल्या अॅप-टॅक्सी आणि डिलिव्हरी कामगारांच्या संघटनांचा या मोजणीत मागमूस नाही.

'प्रतिनिधी कोण' हा वाद जुना आहे, आणि तो मुंबईतलाच आहे. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला कामगार नेते ना. म. जोशी कामगार प्रतिनिधी म्हणून गेले ते सरकारने नेमले म्हणून. प्रतिनिधी कामगारांनीच निवडायचा तर त्यांची देशव्यापी संघटना हवी, या गरजेतूनही ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटकची स्थापना झाली.

तुमच्यासाठी यातून काम असं निघतं. आपली युनियन कोणत्या केंद्रीय संघटनेशी संलग्न आहे ते पाहा. वार्षिक विवरणपत्रं भरलेली असू द्या, संलग्नता शुल्क थकवू नका. थकबाकीदार युनियनचं टिपण राज्य कमिटीत कोणी वाचत नाही, हे कटू असलं तरी खरं आहे. संलग्नता नसेल तर दोन वाटा उरतात: तुमच्या क्षेत्रातल्या एखाद्या मोठ्या फेडरेशनमार्फत जाणं किंवा राज्य सरकारमार्फत. दुसरी वाट लोक विसरतात. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही सरकारांना परिषदेत जागा आहे, आणि राज्याच्या कामगार विभागाने उचललेला विषय 'युनियनची मागणी' राहत नाही. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखानदारांनाही ती तितकीच उघडी आहे.

पायरी ३: दोन पानांचं टिपण

मागणीपत्र आणि टिपण यांत गल्लत करू नका. मागणीपत्रात वीस मुद्दे चालतात, टिपणात एकच. दोन पानांवर जाऊ नका आणि क्रम असा ठेवा: प्रश्न एका वाक्यात, कोणाला झळ पोचते आणि कोणकोणत्या राज्यांत, आजच्या कायद्याचं नेमकं कलम आणि ते कुठे अपुरं पडतं, कोणता बदल हवा, खर्च कोणावर आणि साधारण किती, समोरचा पक्ष काय हरकत घेईल आणि तिला उत्तर काय.

शेवटी, आणि हाच टिपणाचा जीव आहे, शिफारशीचं तयार वाक्य लिहून द्या. कोयत्याच्या उदाहरणात ते असं होईल: 'आंतरराज्य ऊसतोडणीसाठी जाणाऱ्या प्रत्येक मजुराची, जोडी म्हणून न धरता, स्वतंत्र व्यक्ती म्हणून नोंद व्हावी, प्रत्येकाच्या नावाने वेतनचिठ्ठी द्यावी, आणि नोंदीची जबाबदारी तोडणी करून घेणाऱ्या कारखान्यावर असावी.' 'स्त्री मजुरांना न्याय मिळावा' या वाक्याला कोणीच विरोध करणार नाही, त्यामुळे त्यातून काही निघणारही नाही.

आकडे देताना स्वतः गोळा केलेले आणि सरकारी असे वेगळे दाखवा. शंभर कुटुंबांची यादी तुम्ही केली असेल तर शंभरच लिहा, 'लाखो' लिहू नका. समितीत समोर बसणारा मालक प्रतिनिधी पहिला हात आकड्यालाच घालतो. मराठीबरोबर इंग्रजी किंवा हिंदी प्रतही जोडा. दिल्लीत तुमचं टिपण दुसरं कोणीतरी मांडणार आहे आणि त्याला ते जसंच्या तसं वापरता आलं पाहिजे.

पायरी ४: कार्यसूचीत शिरकाव

परिषदेची कार्यसूची ठरवण्यात स्थायी श्रम समितीचा हात असतो. दोन दिवसांच्या अधिवेशनात मोजकेच विषय बसतात. २०१५ च्या शेहेचाळिसाव्या अधिवेशनापुढे आधीच्या तीन अधिवेशनांच्या शिफारशींची अंमलबजावणी, बोनस कायद्यातले बदल, असंघटितांची सामाजिक सुरक्षा, रोजगार, कामगार कायद्यांतल्या दुरुस्त्या असे विषय होते. तुमचा प्रश्न स्वतंत्र विषय म्हणून येण्याची शक्यता कमीच. म्हणून आलेल्या एखाद्या विषयाच्या पोटात तो बसवा. ऊसतोडीचा मुद्दा 'असंघटितांची सामाजिक सुरक्षा' यात बसतो. कंत्राटी सफाई कामगारांचा मुद्दा 'कंत्राटी कामगार' यात बसतो.

टिपण स्थायी समितीच्या बैठकीआधी केंद्रीय कार्यालयात पोचलं पाहिजे. अधिवेशनाची तारीख जाहीर झाल्यावर पळापळ करून उपयोग नसतो. तेव्हा मंत्रालयाचं विषयवार पार्श्वभूमी-टिपण तयार झालेलं असतं आणि चर्चा त्याच्याच आधाराने चालते. त्या टिपणात तुमच्या विषयाचा एक परिच्छेद आला तर अर्धी लढाई जिंकली म्हणा.

मालकांच्या संघटना इथे बऱ्याचदा पुढे असतात. त्यांच्याकडे पगारी कर्मचारी असतात, मसुदे लिहिणारे वकील असतात. युनियनकडे सभा गाजवणारे पुष्कळ असतात, पण शांतपणे बसून दोन पानं लिहिणारा एखादाच असतो. त्याला सांभाळा.

पायरी ५: अधिवेशनाचे दोन दिवस

पहिल्या सत्रात उद्घाटन. २०१५ मध्ये विज्ञान भवनात ते पंतप्रधानांनी केलं. मग तिन्ही पक्षांच्या प्रतिनिधींची भाषणं होतात. छायाचित्रं निघतात. हा भाग ऐकून सोडून द्यायचा.

खरं काम विषयवार समित्यांत होतं. प्रत्येक विषयासाठी एक समिती, तिला अध्यक्ष, आणि सदस्य-सचिव म्हणून सरकारी अधिकारी. तिन्ही पक्ष बोलतात, अधिकारी मसुदा लिहितो, त्यावर ओढाताण होते आणि अहवाल खुल्या सत्रापुढे जातो. हात वर करून मतं मोजण्याची इथली रीत नाही. सहमती होईल ते वाक्य राहतं, न होईल तिथे 'मालक पक्षाचं मत वेगळं होतं' किंवा 'कामगार संघटनांनी विरोध नोंदवला' अशी नोंद होते.

म्हणून आपला माणूस कुठल्या समितीत बसणार, हे आधी ठरवून घ्या. ज्येष्ठ नेत्यांना खुल्या सत्रात बोलायला आवडतं, त्यांना बोलू द्या. समितीत मात्र कायद्याचं कलम तोंडपाठ असलेला, संध्याकाळी मसुदा तयार होईपर्यंत खुर्ची न सोडणारा माणूस हवा. सहमती जमत नसेल तर विरोधी मत नोंदवून घेण्याचा आग्रह धरा. पुढे कोणी 'हे सर्वांनी मान्य केलं होतं' म्हणालं तर त्या एका ओळीचा आधार राहतो.

समोरच्या पक्षाशी मधल्या वेळेत बोलण्यात कमीपणा नाही. कारखान्याच्या गेटवरची भाषा समितीत चालत नाही. लघुउद्योजकाला नोंदणीला विरोध नसतो, तीन वेगवेगळी रजिस्टरं ठेवायला असतो. एकाच रजिस्टरवर तो राजी होत असेल तर वाक्य तसं बदलून घ्या.

पायरी ६: शिफारस वाचायची कशी

अहवाल हातात आला की क्रियापदं तपासा. 'सरकारने करावं' याचा अर्थ स्पष्ट आहे. 'सरकारने विचार करावा' म्हणजे निर्णय पुढे ढकलला. 'यावर आणखी सल्लामसलत व्हावी' म्हणजे सहमती झालीच नाही. 'शक्य तेथे', 'टप्प्याटप्प्याने', 'निधीच्या उपलब्धतेनुसार' हे शब्द दिसले की ते कोणी घातले असतील याचा अंदाज बांधा आणि पाठपुराव्यात नेमकं तिथेच बोट ठेवा.

अंगणवाडीताई, मदतनीस, आशा आणि शालेय पोषण आहाराच्या कामगारांबद्दल मे २०१३ च्या पंचेचाळिसाव्या अधिवेशनाने शिफारस केली की त्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी. वाक्य पुरेसं स्पष्ट होतं. पुढच्या अधिवेशनात त्याचा पुनरुच्चार झाला. तरी केंद्राच्या लेखी त्या मानधनावरच्याच राहिल्या. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचं सांगितलं ते ग्रॅच्युइटी कायद्याचा अर्थ लावून. आपल्याकडच्या अंगणवाडी मोर्चांत मात्र 'पंचेचाळिसाव्या श्रम परिषदेची शिफारस लागू करा' ही मागणी ठरलेली असते. सरकारी प्रतिनिधीही ज्या टेबलावर होते तिथली ही शिफारस असल्यामुळे ती नुसती संघटनेची मागणी राहत नाही.

पायरी ७: पाठपुरावा

शिफारशीवर काय झालं, हे पुढच्या अधिवेशनात सांगण्याची प्रथा आहे. तोवर थांबायचं नसेल तर तीन साधनं हाताशी ठेवा.

पहिलं, माहितीचा अधिकार. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. 'शिफारशीवर काय केलं' असा मोघम प्रश्न विचारला तर 'विचाराधीन' असं उत्तर येतं. 'अमुक अधिवेशनाच्या अमुक शिफारशीवर मंत्रालयात उघडलेल्या फाइलीतली टिपणं आणि इतर मंत्रालयांशी झालेला पत्रव्यवहार यांच्या प्रती द्या' असं विचारा.

दुसरं, खासदार. लोकसभा किंवा राज्यसभेतल्या प्रश्नाला मंत्र्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. प्रश्न तुम्ही लिहून द्या, खासदाराच्या कचेरीवर सोपवू नका.

तिसरं, संसदेची श्रमविषयक स्थायी समिती. विधेयक तिच्याकडे गेलं की ती निवेदनं मागवते. तुमचं दोन पानांचं टिपण तारीख बदलून इथे पुन्हा चालतं.

आणि संप, मोर्चा, धरणं? परिषद त्यांची जागा घेत नाही. शेहेचाळिसावं अधिवेशन २०-२१ जुलै २०१५ ला झालं आणि २ सप्टेंबरला केंद्रीय संघटनांचा देशव्यापी संप झाला. त्याच डिसेंबरात बोनसची पात्रता मर्यादा दरमहा १०,००० वरून २१,००० रुपये झाली. अधिवेशनाच्या कार्यसूचीवर तो विषय होता, रस्त्यावरच्या मागण्यांतही होता. श्रेय कशाचं किती, यावर वाद घालायचा तर घाला.

परिषद भरतच नसेल तर

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, पण ती भरते कुठे? बरोबर आहे. जुलै २०१५ नंतरची दहा वर्षं एकही अधिवेशन झालं नाही. सत्तेचाळिसावं फेब्रुवारी २०१८ मध्ये ठरलं होतं, ते पुढे ढकललं गेलं. याच काळात २९ केंद्रीय कामगार कायदे चार संहितांमध्ये गुंडाळले गेले. वेतन संहिता २०१९ मध्ये, बाकी तीन २०२० मध्ये संसदेत मंजूर झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. मसुद्यांवर त्रिपक्षीय बैठका घेतल्या असं सरकार म्हणतं, पुरेशी चर्चा झाली नाही असं बहुतेक केंद्रीय कामगार संघटना म्हणतात. चाळीस-पन्नास वर्षांतला सर्वांत मोठा बदल होत असताना सर्वांत मोठं त्रिपक्षीय व्यासपीठ बंद राहिलं, हे मला समर्थनीय वाटत नाही.

कायद्याचा आधार असता तर काय फरक पडला असता, ते दक्षिण आफ्रिकेत दिसतं. तिथली नेडलॅक ही परिषद १९९४ च्या कायद्याने स्थापन झाली आणि कामगारविषयक विधेयक संसदेत जाण्याआधी तिच्यापुढे यावं लागतं. मालक, कामगार आणि सरकारबरोबर तिथे समाजसंघटनांनाही जागा आहे. नेदरलँड्सची सामाजिक-आर्थिक परिषद १९५० पासून आहे: ११ सदस्य मालकांचे, ११ कामगारांचे, ११ नेमलेले तज्ज्ञ. सल्ला तिथेही बंधनकारक नाही. पण संस्था कायमची आहे, ती मंत्र्यांच्या सवडीची वाट बघत नाही.

आपल्याकडे मोठं दार बंद असताना छोटी दारं शोधायची. भारताने १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १४४ क्रमांकाचा करार स्वीकारला आहे. त्या संघटनेच्या कामकाजाबाबत मालक आणि कामगार प्रतिनिधींशी, दोघांना समान स्थान देऊन, वर्षातून किमान एकदा सल्लामसलत करण्याची जबाबदारी त्याने येते. सरकार जिनिव्हाला पाठवतं त्या अहवालांच्या प्रती प्रातिनिधिक संघटनांना द्याव्या लागतात, आणि संघटना आपली निरीक्षणं थेट तिकडे पाठवू शकतात. तुमच्या केंद्रीय संघटनेने ती पाठवली का, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

देशातली कायद्याने बांधलेली मंडळं याहून जवळची आहेत. वेतन संहितेच्या कलम ४२ मध्ये केंद्रीय आणि राज्य सल्लागार मंडळं आहेत: मालक आणि कामगार समसमान, स्वतंत्र सदस्य एकतृतीयांशापेक्षा जास्त नाहीत, एकतृतीयांश महिला. मात्र राष्ट्रीय तळवेतन (ज्याखाली कुठलंच किमान वेतन जाऊ नये ती पातळी) ठरवण्याआधी केंद्राने मंडळाचा सल्ला 'घेता येईल' एवढंच कलम ९ म्हणतं, 'घ्यावाच' म्हणत नाही. सामाजिक सुरक्षा संहितेच्या राष्ट्रीय मंडळात गिग (अॅपवरून काम घेणाऱ्या) कामगारांसाठी प्रतिनिधी आहेत, पण ते सरकारने नेमलेले. ना. म. जोशींच्या वेळचा प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा तिथेच.

महाराष्ट्रात तर आणखी जवळ माथाडी मंडळं आहेत. १९६९ च्या कायद्याने आलेली ही मंडळं नुसता सल्ला देत नाहीत, हमालांची नोंदणी करतात, मजुरी आणि लेव्ही (मजुरीवर मालकाने द्यायचा जादा टक्का) गोळा करून वाटतात. त्रिपक्षीय पद्धत रोजच्या व्यवहारात कशी चालते, कुठे बरी आणि कुठे बिघडते, हे पाहायचं तर बाजार समितीच्या आवारात एक फेरी मारा.

सर्वांत हाताशी असलेलं काम: मसुदा अधिसूचनेवर हरकत

किमान वेतनाचे दर ठरवताना किंवा बदलताना सरकारपुढे दोन पद्धती असतात: समिती नेमणं, किंवा प्रस्ताव अधिसूचनेने प्रसिद्ध करणं. दुसऱ्या पद्धतीत हरकतींसाठी किमान दोन महिने द्यावे लागतात आणि सल्लागार मंडळाशी विचारविनिमय करावा लागतो. दरांचा आढावा पाच वर्षांच्या आत घ्यायचा असतो. आपल्या उद्योगाचे दर शेवटचे कधी बदलले ते आजच पाहून ठेवा.

अधिसूचना निघाली की छापील नमुन्याच्या शेकडो सह्या गोळा करण्यापेक्षा पायरी ३ मधलं टिपण काढा. आपल्या गावातल्या दुकानांचे भाव घेऊन २,७०० उष्मांकांचा, ६६ मीटर कापडाचा, २० आणि २५ टक्क्यांचा हिशेब स्वतः मांडा. पावत्या जोडा. प्रस्तावित दर आणि तुमचा आकडा यांतला फरक शेवटच्या ओळीत ठेवा. हरकत मुदतीच्या आत द्या, पोच घ्या, एक प्रत मंडळातल्या कामगार प्रतिनिधीला आणि एक मालक प्रतिनिधीला पाठवा. बैठक झाल्यावर इतिवृत्ताची प्रत माहितीच्या अधिकारात मागवा, आणि तुमच्या हरकतीवर मंडळाने काय म्हटलं ते वाचा. उल्लेखच नसेल तर पोच जोडून आधी मंडळाच्या अध्यक्षांना लेखी विचारा. कोर्टाची पायरी चढायची वेळ आलीच तर वकील पहिल्यांदा हेच तीन कागद मागेल: हरकत, पोच आणि इतिवृत्त.